तयार लॉन लावून घ्यायचंय, कंत्राटदाराला काय काय विचारू?

अंगणवेडी | शनिवार

नमस्कार मंडळी,

तळेगाव दाभाड्याला आईबाबांच्या बंगल्यापुढे साधारण १२०० चौरस फूट मोकळी जागा आहे. सध्या तिथे गाजरगवत, लव्हाळा आणि बांधकामातून उरलेली खडी गुण्यागोविंदाने नांदतायत. डिसेंबरात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. कार्यालय नको, घरच्या अंगणातच करायचं हा बाबांचा हट्ट आणि अंगणात हिरवळ हवी हा माझा. काड्या रोवून वाट बघायला वेळ नाही, म्हणून तयार गवताचं कार्पेट अंथरून घ्यायचं ठरवलंय.

तिघांना बोलावून जागा दाखवली. पहिला म्हणाला २२ रुपये फूट, सगळं धरून. सगळं म्हणजे काय, तर "सगळं म्हणजे सगळं, ताई". आठवड्यात काम पुरं करून देतो म्हणाला. दुसऱ्याचे ३८ रुपये. त्यात २ ब्रास लाल माती, शेणखत, मेक्सिकन गवत आणि पंधरा दिवस देखभाल. तिसऱ्याने ५५ सांगितले आणि वर म्हणाला, "महिनाभर मी गवत लावणारच नाही." त्याचं कोटेशन दोन पानी आहे, पण ऑगस्ट अर्धा संपलाय आणि हा महिनाभर करणार काय, हे मला कळलेलं नाही.

पहिल्याला मी मनातून काढून टाकलंय. दुसरा की तिसरा, यात अडकलेय. एका कोपऱ्यात जुना आंबा आहे. पाणी बोअरचं. काय विचारावं, काय लिहून घ्यावं, सांगा.

पुणेरी_पाटी | शनिवार

लॉन लावूच नका. फरशा घाला, वर चार कुंड्या ठेवा. एप्रिलमध्ये बोअर कोरडी पडली की टँकर मागवून गवताला पाणी पाजणार आहात का?

कोरडवाहू | शनिवार

पाटीसाहेब, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, त्याच्याकडे नंतर येतो. आधी दुसऱ्या कंत्राटदाराचा हिशोब बघू.

१ ब्रास म्हणजे १०० घनफूट. २ ब्रास म्हणजे २००. ती माती १२०० चौरस फुटांवर पसरली तर थर किती? २०० भागिले १२००, म्हणजे फुटाचा सहावा हिस्सा. दोन इंच! पाणी पडून दबली की दीड. त्याखाली तुमची खडी आणि मुरूम. दीड इंचात गवत पावसाळाभर हिरवं दिसेल, कारण तेव्हा ते वरच्या पाण्यावर जगतं. मार्चमध्ये पिवळं पडायला लागेल आणि तुम्ही समजाल की पाणी कमी पडतंय.

किमान सहा इंच चांगली माती हवी. १२०० फुटांना ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास. दबणं धरून ७ मागवा. तेव्हा ३८ आणि ५५ मधला फरक बघताना पहिला प्रश्न हा, की तिसऱ्याने माती किती ब्रास धरलीय. फुटाचा भाव हा गवताचा भाव नसतोच मुळी. गवत सगळ्यांचं थोड्याफार फरकाने त्याच किमतीला येतं. भाव कमी होतो तो खालच्या मातीत आणि नंतरच्या देखभालीत.

आणि 'लाल माती' या दोन शब्दांवर जाऊ नका. या नावाखाली मुरमाचा भुगाही विकला जातो. मूठभर माती काचेच्या बरणीत टाका, पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. रेती लगेच तळाला बसते, मग पोयटा, चिकण सगळ्यात शेवटी. जवळपास सगळंच मिनिटाभरात तळाला बसलं आणि पाणी निवळ झालं, तर त्या मातीत धरून ठेवण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर चिकण जास्त आहे, ती माती पावसात तुंबेल आणि उन्हात भेगाळेल. मधली हवी.

सांजवात | शनिवार

कोरडवाहूंना अनुमोदन. आमचं नाशिकचं सांगते. घर नवं, वास्तुशांतीचा मुहूर्त काढलेला, त्यामुळे लॉनवाल्याच्या मागे आम्हीच लागलेलो. त्याने दोन दिवसांत गवत अंथरलं. वास्तुशांतीला आलेला प्रत्येक जण त्यावर अनवाणी चालून गेला, फोटो काढून गेला. दिवाळीपर्यंत मात्र गवताला उंचवटे आले आणि प्रत्येक सांध्यातून लव्हाळा वर. एका कोपऱ्यात गवत सुकायला लागलं म्हणून यजमानांनी ते उचलून पाहिलं, तर सबंध तुकडा हातात आला. मुळं खाली गेलेलीच नव्हती. खाली बोटभर माती, मग विटांचे तुकडे, प्लॅस्टरची ढेपं आणि सिमेंटची फाटकी पोती. आमच्याच बांधकामाचा राडारोडा! तो उचलायचे पैसे वाचवून त्यावरच माती पसरली होती.

फोन केला तर "पाणी कमी पडलं असेल, वहिनी". लेखी काहीच नव्हतं, पैसे सगळे दिलेले. विषय संपला.

अंगणवेडी, त्या खडीच्या ढिगाचं काय करणार, हे तिघांनाही विचारा. 'उचलून बाहेर टाकणार' असं लिहून घ्या. नुसतं 'जागा साफ करणार' यात काहीही बसतं.

झिपरी | शनिवार

वाचतेय. आम्हालाही हवंय, पण टेरेसवर.

नाना_चिंचवड | रविवार

झिपरी, टेरेसवर करणार असाल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग गवत. आमच्या सोसायटीत पोडियमवर बिल्डरने लॉन दिलंय. खालच्या पार्किंगमध्ये तीन गाड्यांवर पांढरे ओघळ आहेत आणि दर सर्वसाधारण सभेत त्याच विषयावर हाणामारी होते. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून आलेलं, पाणी बागेला जातं, ते फुकट आहे म्हणून माळी नळ बंदच करत नाही. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

अंगणवेडी | रविवार

बापरे, दोन इंच! मी ब्रास हा शब्द नुसता ऐकून सोडून दिला होता. तिसऱ्याचं कोटेशन पुन्हा काढलं. त्यात लिहिलंय: राडारोडा उचलणे, ६ इंच पोयटा आणि शेणखत, 'दोन वेळा तण काढणे', मग गवत, दोन महिने देखभाल. ब्रास लिहिलेले नाहीत.

पाटीसाहेब, पाण्याचं मलाही वाटतंय. १२०० फुटांना पाणी किती लागतं, कुणी सांगेल का?

कोरडवाहू | रविवार

सोपं आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. १२०० चौरस फूट म्हणजे साधारण १११ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर धरा, तर साडेपाचशे लिटर रोजचे. १०,००० लिटरचा टँकर अठरा दिवस पुरेल. आता हे परवडतं का, ते घरात बसून ठरवा. पाटीसाहेब म्हणतात ते याच जागी बरोबर आहे.

मात्र एक लक्षात घ्या. आपल्याकडची ही गवतं उष्ण हवेतली आहेत. मुळं खोल असतील तर उन्हाळ्यात पाणी निम्मं केलं तरी ती तपकिरी होऊन पडून राहतात आणि जूनमध्ये परत फुटतात. बारमाही हिरवंगार हवं असेल तरच साडेपाचशे लिटर. मुळं खोल जायची तर माती खोल हवी, म्हणजे परत तेच सहा इंच. रोज शिंपडण्यापेक्षा दोनतीन दिवसांनी भरपूर द्या. अर्थात हे गवत रुजल्यानंतर. पहिले दोन आठवडे रोज दोनदा.

गुलमोहर७ | रविवार

गवत कुठलं, यावर कुणी बोललंच नाही. नर्सरीत ज्याला 'मेक्सिकन' म्हणतात, ते दुसऱ्या नर्सरीत 'कोरियन' होतं आणि तिसऱ्या ठिकाणी नुसतं 'कार्पेट'. नावावर भांडून उपयोग नाही. नमुन्याचा फूटभर तुकडा आणून कुंडीत लावा आणि माल येईल तेव्हा त्याच्याशी ताडून बघा.

ढोबळ मानाने दोन घराणी. एक 'सिलेक्शन नंबर वन', ते आपल्या हरळीच्या, म्हणजे दूर्वांच्या कुळातलं. बारीक पान, वेगाने पसरतं, तुडवलं तरी भरून येतं, पण ऊन पूर्ण हवं आणि कापणी सतत. दुसरं ते मेक्सिकन-कोरियन. दाट, पायाला मऊ, वाढ सावकाश त्यामुळे कापणी कमी, थोडी सावली सोसतं, पण कुठे फाटलं की भरून यायला महिने घेतं. अंगणात नातवंडं क्रिकेट खेळणार असतील तर सिलेक्शन. नुसतं बघायला आणि संध्याकाळी खुर्ची टाकायला असेल तर मेक्सिकन.

आंब्याखाली दोन्ही नाही. दाट आंब्याखाली तासभरही धड ऊन येत नाही, तिथे गवताचे पैसे घालू नका. कंत्राटदार तुम्हाला हे आपणहून सांगणार नाही, कारण त्याचे फूट कमी होतात.

खुरपं | रविवार

मी याच धंद्यात आहे, पुण्याच्या पूर्वेला. सगळे आमच्या नावाने बोटं मोडतायत म्हणून लिहितो.

२२ रुपयांत काम कसं होतं ते ऐका. त्यात माती नसते. आहे ती जागा कुदळीने वरवर खरवडायची, फळीने सारखी करायची आणि कार्पेट टाकायचं. गवत, गाडीभाडं, मजुरी एवढंच निघतं. ते कामही खोटं नसतं. ज्याच्याकडे चांगली माती आधीच आहे, त्याला तेवढंच पुरतं. पण गिऱ्हाईक ५५ च्या कामाची अपेक्षा २२ मध्ये ठेवतं आणि मग आम्ही चोर.

दुसरं. पाणी. दुपारी गवत टाकून जातो, सांगून जातो की सकाळ-संध्याकाळ भिजवा. मालक पुण्यात, बंगल्यावर वॉचमन. वॉचमन तीन दिवस गावाला. चौथ्या दिवशी मला फोटो येतो, "तुमचं गवत वाळलं". यात माझं काय?

तिसरं, ताई, तुमचा तो महिनावाला. त्याला सोडू नका. लव्हाळ्याच्या जागेवर घाई करणारा एक तर नवखा आहे किंवा दोन महिन्यांनी फोन न उचलणारा. तो महिनाभर काय करणार, ते सांगतो. राडारोडा काढून, माती भरून, सारखी करून तो तिला नुसतं पाणी देईल. आठ-दहा दिवसांत तण उगवेल, ते काढेल. परत पाणी, परत तण, परत काढेल. मातीत असलेलं बरंचसं बी असं गवत टाकायच्या आधीच संपतं. हे काम दिसत नाही, फोटोत येत नाही, म्हणून त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. नव्वद टक्के गिऱ्हाइकं म्हणतात, "एवढं कशाला, टाकून मोकळे व्हा".

आणि एक धंद्यातलं गुपित. पितृपक्षात कुणी नवं काम काढत नाही, आमची माणसं बसून असतात. तेव्हा बोलणी करा. भाव खाली येतो आणि माणसंही चांगली मिळतात.

सांजवात | रविवार

खुरपंदादा, पाण्याचं मान्य. पण विटांचे तुकडे वॉचमनने नव्हते पुरले.

खुरपं | रविवार

नाही वहिनी, तो आमच्यातलाच. त्याचं समर्थन करत नाही.

कोरडवाहू | रविवार

खुरपंशेठनी सांगितलेली पद्धत बियांच्या तणाला चालते. गाजरगवत, दुधी, घोळ, सगळं जाईल. लव्हाळ्याला मात्र ती पुरत नाही. लव्हाळा बियांवर नाही, जमिनीखालच्या गाठींवर जगतो. एका गाठीला दुसरी, तिला तिसरी, अशी साखळी खाली जाते. वरून उपटलं की पात हातात आणि गाठ जमिनीत. रोटर (माती उलटणारं यंत्र) मारला की साखळी तुटून प्रत्येक गाठीला नवा कोंब. नवीन मातीतूनही त्या येतात, म्हणून माती कुठल्या शेतातून उचललीय, ते विचारा आणि ट्रॉली रिकामी होताना उभं राहून बघा. काळ्या-तपकिरी, मण्याएवढ्या गाठी दिसतात.

उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारतात. पात हिरवी आणि जोमात असताना मारावं लागतं, परिणाम दिसायला दोनतीन आठवडे जातात. मोकळ्या जागेवर, गवत टाकायच्या आधी, लेबलवर आहे त्याच प्रमाणात आणि माहीतगार माणसाच्या हातून. शेजारी भाजीचा वाफा असेल तर वारा पडलेला असताना. तरीही थोडा राहील. लव्हाळा शंभर टक्के जाईल अशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शेणखताचंही बघा. कच्चं शेणखत म्हणजे हुमणीला आमंत्रण. ढिगात हात घालून पाहा, गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर परत पाठवा. कुजलेलं खत मातकट वासाचं आणि भुसभुशीत असतं. हुमणीची अळी ऑगस्ट ते ऑक्टोबर मुळं खाते. वर गवत पिवळं पडतं, ओढलं की अलगद निघून येतं आणि तुम्ही पाणी वाढवत बसता.

टेक्सासकर | सोमवार

इकडे ह्यूस्टनला गेल्या वर्षी आम्हीही सॉड, म्हणजे असंच तयार गवत, टाकून घेतलं. सेंट ऑगस्टीन नावाचं रुंद पानाचं गवत इथे सगळीकडे. पॅलेटवर रचून येतं, एका पॅलेटमध्ये साधारण ४५० चौरस फूट. आमच्या माणसाने एकच अट घातली होती, पॅलेट उतरलं की त्याच दिवशी सगळं जमिनीवर गेलं पाहिजे. रचलेल्या गवताच्या आत उष्णता कोंडते आणि मधले तुकडे पिवळे पडतात. तळेगावातही हेच लागू असणार. गाडी सकाळी येईल असं बघा, आणि एक तुकडा गठ्ठ्याच्या अगदी मधून काढून बघा, वरचा नाही.

दुसरं, इथे खणायच्या आधी ८११ ला फोन करतात, फुकटात येऊन गॅस-पाण्याच्या लाइनवर रंगाने खुणा करून जातात. तुमच्याकडे ती सोय नसली तरी बोअरची केबल आणि ड्रेनेजचा पाइप अंगणातून कुठून गेलाय, हे बाबांना विचारून घ्या.

पुणेरी_पाटी | सोमवार

आमच्याकडे ८११ ची गरज नाही. कुदळ मारली की लाइन आपोआप सापडते.

गुलमोहर७ | सोमवार

टेक्सासकर, बरोबर. आणखी एक गोष्ट बघायची ती तुकड्याची खालची बाजू. मुळांचं जाळं पांढरं आणि घट्ट विणलेलं हवं. तुकडा दोन टोकांना धरून उचलला तर तो फाटता कामा नये. आंध्रातल्या कडियमच्या बाजूने नर्सरीचा माल भरून ट्रक आपल्याकडे येतात, त्यामुळे गवत कधी कापलं आणि किती प्रवास करून आलं, हे विचारायचंच. उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमधून घेतलं तर निदान जाऊन डोळ्यांनी बघता येतं.

तुकड्याला खाली चिकट काळी माती असेल आणि तुमची जमीन भुसभुशीत लाल असेल, तर पाणी दोन थरांच्या मध्ये अडतं आणि मुळं वरच्याच थरात फिरत राहतात. आमच्याकडे माळ्याने नंतर जमिनीत काटा खुपसून भोकं पाडली आणि त्यात बारीक वाळू झाडून भरली, तेव्हा कुठे सुधारलं.

नाना_चिंचवड | सोमवार

उताराचं कुणी बोललं नाही. तळेगावचा पाऊस पुण्यापेक्षा दांडगा. घराकडून फाटकाकडे १०० फुटांना १ फूट तरी उतार हवा. अंगण ४० फूट असेल तर पाच इंच. गवत टाकायच्या आधी पाइप सोडून पाणी कुठे साचतं ते बघा, नंतर बघून उपयोग नाही. आणि फरशीपेक्षा माती इंचभर खाली ठेवायला सांगा, नाहीतर लॉनमधला चिखल पोर्चमध्ये येतो.

अंगणवेडी | सोमवार

सगळ्यांचे आभार. वहीत एवढं लिहून घेतलंय की आई म्हणते, पीएचडी करतेयस का. उद्या तिसऱ्याला भेटणार आहे. पैसे कसे द्यावेत? तो ५० टक्के आगाऊ मागतोय.

सांजवात | सोमवार

पन्नास नको. गवत अंथरताना बघायला जितकं छान दिसतं तितकं ते कधीच दिसत नाही, आणि आपण नेमके त्याच दिवशी उरलेले पैसे देऊन मोकळे होतो. थोडे मागे ठेवा.

खुरपं | सोमवार

माझ्याकडे असं चालतं: काम धरताना तीस टक्के, माती पडली की तीस, गवत अंथरलं की तीस, आणि शेवटचे दहा दोन महिन्यांनी. त्यापेक्षा जास्त अडकवलंत तर चांगला माणूस काम घेणार नाही, हेही सांगतो. आमचेही मजूर शनिवारी पगार मागतात.

लेखी काय हवं? मातीचे ब्रास, इंचात नाही. गवताचा नमुना कुठला. दोन महिन्यांत जे गवत मरेल ते कोण बदलणार आणि कुठल्या कारणाने मेलं तर नाही. पाणी कोण घालणार, हे सगळ्यात वर लिहा, कारण भांडण तिथेच होतं. पहिली कापणी त्याच्याकडूनच करून घ्या. पहिल्यांदा एक तृतीयांशपेक्षा जास्त उंची कापायची नाही. नवीन माळी हमखास भादरून टाकतो आणि खालचे पिवळे देठ उघडे पडतात. जीएसटीचं बिल हवं असेल तर १८ टक्के वर, ते आधीच बोलून घ्या. नंतर तोंड वाकडं होतं.

त्याने गेल्या वर्षी केलेलं काम दाखव म्हणा. गेल्या महिन्यातलं नको. ज्या लॉनवरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेलाय, ते.

झिपरी | सोमवार

एक बारीक शंका. डिसेंबरात त्या लॉनवर मांडव घालणार ना? मांडववाले खाली हिरवं मॅटिंग अंथरतात. म्हणजे एवढा खर्च करून हिरवं गवत लावायचं आणि वर हिरवं प्लॅस्टिक टाकायचं?

पुणेरी_पाटी | सोमवार

आजचा सर्वोत्कृष्ट प्रतिसाद. धागा इथेच बंद करावा.

अंगणवेडी | मंगळवार

झिपरी, तुझा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. पाच मिनिटं हसत होते. मॅटिंग नाही टाकायचं, असं त्यांनी जाहीर केलंय. होमाची जागा पोर्चमध्ये, फरशीवर.

तर भेट झाली. आधी त्याने वडगावजवळ केलेलं एक लॉन पाहून आले. दीड वर्षापूर्वीचं आहे. अगदी मखमल वगैरे नाही, एका बाजूला लव्हाळा आहे, पण गवत दाट आहे आणि कोपरा ओढून पाहिला तर हलला नाही. त्या घरच्या काकू म्हणाल्या, "फोन केला की येतो." मला तेवढं पुरलं.

ब्रास विचारले तर त्याने वहीतून आकडा काढून दाखवला, आधीच धरलेला होता. आंब्याखालची जागा सोडून द्या, हे त्यानेच म्हणायच्या आत मी म्हटलं, तर तो हसला आणि म्हणाला, "कुणीतरी शिकवून पाठवलंय." तिथे आईला अळू आणि हळद लावायचीय. त्यामुळे लॉन ९५० फुटांचं झालं. भाव ४८ वर आला. ९५० गुणिले ४८ म्हणजे ४५,६००. दुसऱ्याचे ३८ च्या भावाने १२०० फुटांचे नेमके एवढेच होत होते! दोन इंच मातीचे आणि सहा इंच मातीचे पैसे सारखे.

हप्ते खुरपंदादांनी सांगितले तसेच ठरले. लव्हाळ्याची हमी देत नाही म्हणाला, ते उलट आवडलं. पाणी पहिले पंधरा दिवस त्याचा माणूस घालणार, पुढे आमच्याकडे. खोदाई आणि माती गणपतीआधी, तणाच्या दोन फेऱ्या पितृपक्षात, गवत दसऱ्याच्या सुमारास. आईला पितृपक्षात खोदाई नको वाटत होती. खोदाई आधीच सुरू झालेली असेल, पितृपक्षात फक्त तण काढायचं, असं सांगून पटवलंय.

कोरडवाहू | मंगळवार

उत्तम सौदा. ऑक्टोबरात गवत टाकलं तर थंडी पडायच्या आत सहा-सात आठवडे मिळतात, रुजायला तेवढे हवेतच. थंडीत ही गवतं जवळपास थांबतात. दोनतीन आठवड्यांनी एखादा कोपरा हलकेच उचलून बघा. अडकला तर रुजलं. पहिला महिना युरिया नको. नंतर ९५० फुटांना किलोभर, एकसारखा फेकून लगेच पाणी. पाणी द्यायला उशीर झाला तर जळकी नक्षी उमटते.

सहस्रचंद्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका. खुर्च्यांचे पाय रुततात. मांडव त्याच रात्री काढायला लावा.

नाना_चिंचवड | मंगळवार

९५० फुटांना ६ इंच म्हणजे पावणेपाच ब्रास. दबणं धरून साडेपाच. ट्रॉली मोजून घ्या हं. 'एक ब्रासची ट्रॉली' बहुतेक वेळा एक ब्रासची नसते.

अंगणवेडी | मंगळवार

मोजायची कशी? मातीचा ढीग तर वर निमुळता असतो.

नाना_चिंचवड | मंगळवार

ट्रॉलीतच, ओतायच्या आधी. ड्रायव्हरला वर चढून फावड्याने माती सारखी करायला सांगा. मग आतली लांबी गुणिले रुंदी गुणिले मातीची उंची, सगळं फुटात, भागिले १००. दहा फूट लांब, सहा रुंद आणि दीड फूट माती असेल तर ९० घनफूट, म्हणजे ०.९ ब्रास. प्रत्येक खेपेचा आकडा ड्रायव्हरसमोर वहीत लिहा आणि त्याची सही घ्या. पहिल्या खेपेला कुरकुर करेल. दुसऱ्या खेपेपासून ट्रॉली भरून येते.

खुरपं | मंगळवार

नाना, तुम्ही आमच्या धंद्यावर उठलात.